खाज, पिवळे डोळे आणि वाढलेले अल्कलाइन फॉस्फेटेज : पित्तप्रवाह कुठे अडला हे कसे शोधतात

ठाणे पूर्वेला कोपरीत राहणाऱ्या एका वाचकाने आपल्या आईचे रिपोर्ट पाठवून प्रश्न विचारला आहे. आईंचे वय ५६. चार महिन्यांपासून त्यांच्या तळहातांना, तळपायांना आणि पाठीला खाज सुटते, ती रात्री वाढते, पण अंगावर पुरळ नाही. ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते, खाज जात नाही. डोळ्यांत किंचित पिवळेपणा दिसला म्हणून तपासणी केली, तेव्हा एकूण बिलिरुबिन २.२ आणि त्यापैकी डायरेक्ट १.६, एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की वाढणारे वितंचक, म्हणजे एन्झाइम) ८८, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबले की वाढणारे वितंचक) ५१२ (प्रयोगशाळेची वरची मर्यादा १२०), गॅमा जीटी (हेही यकृताचे वितंचक) ३९० आणि कोलेस्टेरॉल २९८ असे आकडे आले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नाहीत आणि मुख्य पित्तनलिकेची रुंदी ५ मिलिमीटर आहे. त्या थायरॉइडची गोळी घेतात, शिवाय सांधेदुखीसाठी वर्षभर एक चूर्ण चालू आहे. गावाकडे जाऊन कावीळ उतरवून घ्यावी, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. ही कावीळ कसली, सोनोग्राफी नॉर्मल असताना अडथळा कसा असू शकतो आणि पुढे कोणत्या तपासण्या कराव्यात, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. त्यामुळे प्रयोगशाळेच्या बाजूने जे सांगता येते ते सविस्तर सांगते. औषधयोजनेचा निर्णय मात्र आईंना प्रत्यक्ष तपासणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांनीच करायचा आहे.

पहिली गोष्ट अशी की, या रिपोर्टमधील सर्वांत बोलका आकडा बिलिरुबिनचा नाही, अल्कलाइन फॉस्फेटेजचा आहे. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या सुमारे दुप्पट आहे, तर अल्कलाइन फॉस्फेटेज चौपटीहून अधिक. एसजीपीटीची पट भागिले अल्कलाइन फॉस्फेटेजची पट असे गुणोत्तर काढण्याची पद्धत आहे. ते ५ किंवा त्याहून अधिक आले तर इजा प्रामुख्याने यकृतपेशींना झालेली असते, २ किंवा त्याहून कमी आले तर पित्तप्रवाह मंदावलेला असतो, आणि मधले आकडे मिश्र चित्र दाखवतात. आईंच्या बाबतीत हे गुणोत्तर सुमारे अर्धा येते. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई या नेहमीच्या काविळीत सुरुवातीला एसजीपीटी हजाराच्या घरात जाते. येथे तसे काहीच नाही. म्हणजेच त्यांच्या यकृतपेशी मोठ्या प्रमाणावर मरत नाहीत, पण त्यांनी तयार केलेला पित्तरस पुरेसा वाहून जात नाही.

पित्तरसाचा मार्ग डोळ्यांसमोर असला की पुढचे सर्व समजते. यकृत दिवसाला साधारण ६०० ते १००० मिलिलिटर पित्तरस तयार करते. शेजारच्या यकृतपेशींमधील अतिसूक्ष्म फटींमध्ये तो प्रथम स्रवतो, तेथून यकृतातल्या बारीक नलिकांत येतो, त्या मिळून उजवी आणि डावी नलिका होते, त्या एकत्र येऊन बनलेल्या नलिकेला पित्ताशयाची नलिका मिळते आणि शेवटी मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या शीर्षभागातून जाऊन लहान आतड्यात उघडते. या मार्गावर कोठेही प्रवाह अडू शकतो. यकृताबाहेरच्या मोठ्या नलिकेत अडला तर तो बहुधा शस्त्रक्रियेचा किंवा एंडोस्कोपीचा विषय होतो. यकृताच्या आत, पेशींच्या किंवा बारीक नलिकांच्या पातळीवर अडला तर तेथे कोणतेही उपकरण पोहोचत नाही आणि कारण रक्ततपासणीतून शोधावे लागते. उपचाराची दिशा याच एका फरकावर ठरत असल्याने आमची सारी धडपड तो लवकर आणि नेमका ओळखण्याची असते.

बिलिरुबिन हे जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर हिमोग्लोबिनपासून उरणारे पिवळे रंगद्रव्य आहे. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळणारे करते. रिपोर्टमधील डायरेक्ट बिलिरुबिन ते हेच. केवळ इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले असेल तर पेशी जास्त मोडत आहेत किंवा गिल्बर्टसारखा निरुपद्रवी आनुवंशिक प्रकार आहे असे समजावे. त्याला पित्तप्रवाहाचा अडथळा म्हणत नाहीत. आईंच्या २.२ पैकी १.६ डायरेक्ट आहे, म्हणजे यकृताने आपले काम केले आहे, पण तयार माल बाहेर न जाता उलटा रक्तात येत आहे. पाण्यात विरघळणारे हे बिलिरुबिन मूत्रपिंडांतून गाळले जाते आणि लघवी गडद होते. आतड्यात ते पोहोचेनासे झाले की शौचाचा रंग फिकट, मातकट होतो, आणि प्रवाह पूर्ण बंद असेल तर लघवीतले युरोबिलिनोजेनही (आतड्यात बिलिरुबिनपासून बनणारे द्रव्य) नाहीसे होते. म्हणून लघवी आणि शौचाचा रंग रोज पाहून लिहून ठेवण्यास मी नेहमी सांगते. ही माहिती फुकट मिळते आणि ती फार मोलाची असते.

लघवीतल्या पित्ताची एक जुनी तपासणी आजही विद्यार्थ्यांना मी हाताने करायला लावते. दोन काचपात्रे घ्यायची, एकात साधी लघवी आणि दुसऱ्यात कावीळ झालेल्या रुग्णाची, आणि दोन्हींवर गंधकाची बारीक पूड हलक्या हाताने भुरभुरायची. साध्या लघवीवर पूड तरंगत राहते. ज्या लघवीत पित्तक्षार आहेत तिच्यात ती काही क्षणांत खाली बसते, कारण पित्तक्षार द्रवाचा पृष्ठताण कमी करतात. आज पट्टीवर लघवीतील बिलिरुबिन मिनिटभरात कळते आणि हवे असल्यास रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाणही मोजता येते. पण काविळीत लघवीतून जाते ते केवळ रंगद्रव्य नव्हे, हे त्या बुडणाऱ्या गंधकामुळे विद्यार्थ्यांच्या कायमचे लक्षात राहते.

आता अल्कलाइन फॉस्फेटेजविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज याच आकड्याबद्दल आहेत. हे वितंचक यकृतातील पित्तवाहिन्यांच्या बाजूच्या पेशी-आवरणात असते, तसेच हाडांत, आतड्यात आणि गर्भवतींच्या वारेतही असते. त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांमध्ये, हाड मोडल्यानंतर, ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असताना आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ते यकृताचा काहीही दोष नसताना वाढते. ते यकृतातून आले आहे याची खातरजमा गॅमा जीटीने होते, कारण हाडांच्या आजारात गॅमा जीटी वाढत नाही. मात्र केवळ गॅमा जीटी वाढलेले असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. मद्य आणि फिटवरील फेनिटॉइनसारखी औषधेही ते वाढवतात. आईंच्या बाबतीत दोन्ही आकडे हातात हात घालून वाढले आहेत, तेव्हा उगम यकृतातच आहे याविषयी मला शंका नाही.

या वितंचकाची वाढ होण्यास वेळ लागतो, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. साचलेल्या पित्ताम्लांमुळे पेशी ते नव्याने तयार करू लागतात आणि त्यात एक-दोन दिवस जातात. पित्ताशयातून निसटलेला खडा मुख्य नलिकेत अडकला की पहिल्या दिवशी अल्कलाइन फॉस्फेटेज जवळजवळ नॉर्मल आणि एसजीपीटी मात्र ५०० ते १००० असे चित्र दिसू शकते. तो रिपोर्ट पाहून विषाणूजन्य कावीळ समजून रुग्णाला घरी पाठवले जाण्याचा धोका असतो. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ आली होती का, हे विचारले आणि दोन-तीन दिवसांनी तपासणी पुन्हा केली, तर एसजीपीटी झपाट्याने उतरलेले आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेले आढळते, आणि कारण आपोआप उघड होते. उलट अडथळा दूर झाल्यावर हे वितंचक सावकाश उतरते, म्हणून त्यावरून उपचार फसला असे समजू नये.

हाच आकडा चुकीने कमीही येऊ शकतो. घोडबंदर रस्त्यापासून ऐरोली-नेरूळपर्यंत आता बहुतेक रक्त घरी येऊन घेतले जाते, आणि घेणाऱ्याने घाईत सीबीसीची जांभळ्या टोपणाची नळी आधी भरून त्यातले थोडे रक्त दुसऱ्या नळीत ओतले तर नळीतील ईडीटीए हे रसायनही सोबत जाते. ते कॅल्शियम बांधते, आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला लागणारे जस्त व मॅग्नेशियमही बांधून टाकते. परिणामी हे वितंचक जवळजवळ नाहीसे, कॅल्शियम अशक्य वाटावे इतके कमी आणि पोटॅशियम जीवघेण्या पातळीला, असा रिपोर्ट तयार होतो, आणि समोर मात्र शांतपणे चहा पिणारा रुग्ण असतो. असे तीन आकडे एकत्र दिसले की नमुना पुन्हा मागवावा. बिलिरुबिनचा शत्रू प्रकाश आहे. दुचाकीवर उघड्या रॅकमध्ये उन्हातून आलेल्या नमुन्यात ते खोटे कमी येते. त्यामुळे नळी झाकून पाठवली का, हे विचारण्यात काहीही गैर नाही.

प्रोथ्रोम्बिन टाइम ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी स्वस्त तपासणी आईंच्या यादीत नाही, ती अवश्य करून घ्यावी. पित्तक्षार आतड्यात पोहोचले नाहीत तर स्निग्ध पदार्थ आणि त्यांच्यासोबत अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. के जीवनसत्त्वाअभावी रक्त गोठण्यास वेळ लागू लागतो. के जीवनसत्त्वाच्या इंजेक्शननंतर साधारण २४ तासांत आयएनआर (याच तपासणीचा प्रमाणित आकडा) सुधारला तर दोष केवळ शोषणाचा होता; सुधारला नाही तर यकृतपेशीच थकल्या आहेत, आणि ती गंभीर बाब आहे. कोलेस्टेरॉल २९८ येण्याचे कारणही याच प्रवाहात आहे. जे पित्तावाटे बाहेर पडायचे ते रक्तात परत येते आणि लायपोप्रोटीन एक्स नावाचा वेगळाच कण तयार होतो. तेव्हा हा आकडा केवळ तेल-तुपाचा परिणाम समजून आईंचे जेवण तोडू नका.

सोनोग्राफीविषयीचा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. मोठ्या नलिकेत अडथळा असेल तर त्याच्या वरचा भाग फुगतो. ही फुगलेली नलिका शोधण्याचे सर्वांत सोपे साधन सोनोग्राफी हेच आहे आणि रक्ततपासणीनंतरचे पहिले पाऊल तेच असले पाहिजे. नलिका साधारण ६-७ मिलिमीटरपर्यंत नॉर्मल मानतात. वयोमानाने किंवा पित्ताशय काढल्यानंतर ती थोडी रुंद असू शकते. नलिका फुगलेली असती तर मुख्य नलिकेतील खडा, स्वादुपिंडाच्या शीर्षाचा किंवा पित्तनलिकेचा कर्करोग, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आलेला आवळ, यकृताच्या दाराशी असलेल्या क्षयाच्या गाठी, क्वचित नलिकेत शिरलेला जंत, असा विचार करावा लागला असता. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग अधिक आढळतो, आणि तेथून येऊन ठाणे-नवी मुंबईत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील रुग्णांत हे कारण विशेष लक्षात ठेवावे लागते. वेदना नसताना वाढत जाणारी कावीळ, घटणारे वजन आणि हाताला लागणारे फुगलेले पित्ताशय ही लक्षणे खड्यापेक्षा गाठीकडे बोट दाखवतात.

आईंची नलिका ५ मिलिमीटर आहे, म्हणून यकृताच्या आतील कारण अधिक संभवते. पण नलिकेचा खालचा टोकाचा भाग आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत नीट दिसत नाही आणि अगदी ताज्या अडथळ्यात नलिका फुगायला वेळ लागतो. चार महिन्यांच्या तक्रारीत ही दुसरी शंका फारशी उरत नाही, तरीही एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) एकदा करून घेणे योग्य. त्यात कोणतेही उपकरण आत न घालता साऱ्या नलिकांचे चित्र मिळते. निव्वळ निदानासाठी थेट ईआरसीपीकडे, म्हणजे तोंडातून एंडोस्कोप घालून पित्तनलिकेत पोहोचण्याच्या पद्धतीकडे, जाऊ नये. त्यातून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून खडा काढायचा किंवा स्टेंट घालायचा असेल तेव्हाच ती करावी.

यकृतातील कारणांत मी सर्वप्रथम औषधांची चौकशी करते, आणि ती अर्धा तास बसून करावी लागते. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटमुळे होणारी कावीळ गोळ्या संपल्यानंतर काही आठवड्यांनी उमटू शकते, त्यामुळे रुग्णाला दोन्हींचा संबंध लागत नाही. गर्भनिरोधक गोळ्या, क्लोरप्रोमाझिन, एरिथ्रोमायसिन, टर्बिनाफिन, थायरॉइड कमी करणारे कार्बिमाझोल हीही परिचित नावे आहेत. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी घेतलेल्या ॲनाबोलिक स्टेरॉइडमुळे तरुण मुलांत बिलिरुबिन फार उंच आणि बाकीचे आकडे मात्र किंचितच वाढलेले दिसतात. क्षयावरील औषधांत आयसोनियाझिड व पायराझिनामाइड मुख्यतः पेशींना इजा करतात, तर रिफॅम्पिसिन बिलिरुबिनच्या वाहतुकीत आडवे येते. आईंचे चूर्णही या यादीत येते. त्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेले नसेल तर ते निर्दोष धरून चालता येत नाही. ते आजच थांबवावे, डबा टाकून न देता डॉक्टरांना दाखवावा, आणि चार-सहा आठवड्यांत आकडे उतरतात का ते पाहावे. थायरॉइडची गोळी मात्र बंद करू नका.

औषधे बाजूला ठेवली, तर पन्नाशीतल्या स्त्रीला पुरळाशिवाय खाज, कोलेस्टेरॉल वाढलेले, सोबत थायरॉइडचा विकार आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चौपट, या चित्रात प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस या आजाराचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतातील बारीक पित्तनलिका नष्ट करू लागते. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया असतात आणि ९० ते ९५ टक्के रुग्णांत अँटीमायटोकाँड्रियल अँटीबॉडी आढळते. अल्कलाइन फॉस्फेटेज सतत वाढलेले आणि ही अँटीबॉडी ठळकपणे हजर असेल तर निदानासाठी बायोप्सी लागत नाही. अँटीबॉडी नसेल तर जीपी-२१० आणि एसपी-१०० या अँटीबॉडी पाहतात, आणि तेवढ्यानेही उत्तर मिळाले नाही तर बायोप्सी करतात. रक्तातील आयजीएम (अँटीबॉडींचा एक प्रकार) वाढलेले असल्यास संशयाला बळ मिळते. या आजारात खाज आणि थकवा आधी येतो, बिलिरुबिन उशिरा चढते, म्हणून २.२ हा आकडा लहान वाटला तरी तो मी हलक्यात घेणार नाही. उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे त्यावरील पहिले औषध आहे; ते वजनाच्या प्रत्येक किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने दिले जाते आणि त्याचा परिणाम मोजण्यासाठीही अल्कलाइन फॉस्फेटेज व बिलिरुबिन हेच दोन आकडे पुढची अनेक वर्षे पाहावे लागतात.

इतर कारणे थोडक्यात. तरुण रुग्णात, विशेषतः मोठ्या आतड्याचा जुनाट दाह असेल तर, स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (पित्तनलिका दाहाने आवळत जाण्याचा आजार) पाहावा लागतो. त्याचे निदान रक्तापेक्षा एमआरसीपीवर होते. क्षय, सारकॉइड किंवा लिम्फोमा यकृतात पसरला असेल तर बिलिरुबिन नॉर्मल राहून केवळ अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप, पिंढऱ्यांत असह्य दुखणे आणि कावीळ असेल तर आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिस आधी आठवावा. त्यात बिलिरुबिन खूप वाढते, एसजीपीटी थोडेच, आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचा आकडा) व सीपीके (स्नायूंचा आकडा) चढलेले असतात. गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपायांना खाज सुटली तर अल्कलाइन फॉस्फेटेज उपयोगी पडत नाही, कारण वार ते स्वतःच तयार करते. तेथे पित्ताम्ले मोजावीत, आणि ती प्रतिलिटर १०० मायक्रोमोलपर्यंत पोहोचली तर गर्भ दगावण्याचा धोका वाढतो.

प्रश्नाबाहेरची, पण सांगितल्यावाचून राहवत नाही अशी एक बाब बाळांची आहे. जन्मानंतर १४ दिवस उलटूनही कावीळ असेल तर ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ यावर थांबू नका. त्याच दिवशी एकूण आणि डायरेक्ट अशी दोन्ही बिलिरुबिन मोजून घ्या आणि शौचाचा रंग पांढुरका आहे का ते पाहा. पित्तनलिका जन्मतःच बंद असलेल्या बाळांवरील ‘कासाई’ (जपानी शल्यविशारदाच्या नावाची) शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. नंतर प्रत्येक आठवडा महाग पडतो.

तर आईंसाठी क्रम असा ठेवावा. याच आठवड्यात यकृताच्या तपासण्या पुन्हा, सोबत प्रोथ्रोम्बिन टाइम, अल्ब्युमिन, सीबीसी, हिपॅटायटिस बी व सीच्या तपासण्या, अँटीमायटोकाँड्रियल अँटीबॉडी, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडींची तपासणी), आयजीएम आणि आयजीजी. त्यानंतर एमआरसीपी. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता थोडी उशिरा केली तरी चालेल, पण वगळू नये. कर्करोगाच्या भीतीने सीए १९-९ ही कर्करोगखुणेची रक्ततपासणी करण्याचा मोह टाळा. पित्त तुंबले की कर्करोग नसतानाही ते वाढते आणि घरात विनाकारण हलकल्लोळ माजतो.

गावाकडच्या माळेविषयी आणि पानातल्या औषधाविषयी मला रागाने बोलायचे नाही. हिपॅटायटिस ए आणि ईची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि त्या काळात जे काही केले त्याला श्रेय मिळते. लोकांचा विश्वास असाच तयार झाला आहे. आईंच्या आजारात आपोआप ओसरण्यासारखे काही दिसत नाही, आणि आत काय आहे ते माहीत नसलेले आणखी एक औषध यकृतात गेले तर आधीच्या चूर्णाचा परिणाम कोणता आणि नव्याचा कोणता, हे कोणालाच सांगता येणार नाही.

खाजेसाठी कोलेस्टायरामिन नावाची पूड डॉक्टर देऊ शकतात. ती थायरॉइडच्या गोळीचे आणि उर्सोचे शोषण रोखते, म्हणून दोहोंत किमान चार तासांचे अंतर राखावे. दरम्यान कधीही थंडी वाजून ताप आला, कावीळ अचानक वाढली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर अँटीबॉडीच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच रात्री, जेथे ईआरसीपीची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे यांनाही हाच नियम लागू करावा.